पोरगी पार होईस्तोवर

आंबी मागं टाकून नवलाख उंबऱ्याकडं निघालं की डाव्या हाताला डोंगराची एक बाजू भाकरी मोडावी तशी मोडलेली दिसते. ती जुनी दगडखाण. खाण बंद पडून बरीच वर्षं झाली, पण तिच्या पायथ्याची तीस-बत्तीस घरांची वडारवस्ती आहे तिथंच आहे. आमच्या मावळातल्या कितीतरी विहिरी, पूल आणि देवळांच्या पायऱ्या या वस्तीतल्या हातांनी घडल्या. लोक पायऱ्या चढतात, देवाला हात जोडतात. पायाखालच्या दगडाकडं कोण बघतो?

वस्तीतली माणसं आपसात वडारी बोलतात. तेलुगूच्या पोटची ही बोली, पण पिढ्यान्‌पिढ्या मराठीच्या शेजारात वाढलेली. रस्त्यावरून वस्तीकडं वळताना एक चिंच लागते. चिंचेच्या अलीकडं मराठी, पलीकडं वडारी. कोणी ठरवलेलं नाही. कारखान्यातून सुटलेली पोरं चिंचेखाली गाडीचा वेग कमी करतात आणि तिथंच त्यांची जीभही वळते.

त्या वस्तीतल्या नागूबाईच्या रेणुकाची ही हकीकत आहे.

नागूबाई खलबत्ते आणि पाटे-वरवंटे घडवते. शनिवार-रविवारी माल टेम्पोत भरून लोणावळ्याला नेते आणि चिक्कीच्या दुकानांच्या पुढं, रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसते. मुंबईच्या गाड्या थांबल्या की नागूबाईचं तोंड सुरू होतं.

"आवो मॅडम, ओरिजनल काळा दगड! लाइफटाइम गॅरंटी. मिक्सर बिघडता, ये नहीं बिघडता!"

"बहुत भारी है, मावशी."

"भारी है तोच चटणी होती, बाई. हलका दगड क्या पीसेगा?"

मॅडम हसतात आणि खलबत्ता घेऊन जातात. नागूबाई मान वळवून सुनेला वडारीत काहीतरी सांगते, दोघी खुदखुदतात. म्हणजे हिंदी आहे, मराठी आहे, इंग्रजीचे चार दाणे आहेत, आणि आपल्या माणसासाठी वडारी आहे. मुलगा पप्पू, सून, नातू, शेजारणी, दारातली शेळी, साऱ्यांशी नागूबाई वडारीच बोलते. शेळीला ती शिव्याही वडारीत देते.

फक्त रेणुकाशी ती मराठी बोलायची.

पप्पू आईला अम्मा म्हणे, रेणुका आई म्हणे. लहानपणी रेणुका घरात शिरली की चुलीपुढं रंगलेल्या गप्पा थांबत. बाहेरची पाहुणी आल्यावर बाई पदर सावरते, तशी नागूबाई आपली बोली सावरून घेई आणि मराठीत विचारी, "आलीस व्हय? हातपाय धू." शब्दांत माया होतीच. पण रेणुकाला ती आतल्या खोलीतली वाटत नसे, ओटीवरची वाटे.

आठ वर्षांची असताना तिनं भावाला विचारलं होतं, "पप्पूदादा, मला कुठून आणलं?"

पप्पू म्हणाला, "तुला तळेगाव स्टेशनवरनं आणली. म्हणून तर तुला मराठी लागती."

त्यानं थट्टा केली आणि विसरून गेला. रेणुका पुढं कितीतरी वर्षं तळेगावचं स्टेशन आलं की गाडीतून फलाटाकडं टक लावून बघायची.

वडारी तिला कळत होती, सगळी. भिंतीआडून, गोधडीतून, नळावरच्या रांगेतून ती तिच्या कानांत शिरलीच. पण तिच्याशी कोणी बोललं नाही, म्हणून ती कोणाशी बोलली नाही. आईचा वस्तीला हुकूम होता: या पोरीशी मराठीत बोला. का, ते कोणी सांगत नसे. तिचा बाप ती तीन वर्षांची असताना गेला, त्यामुळं विचारायला तोही नव्हता.

रेणुका शिकत गेली. दहावी झाली त्या दिवशी नागूबाईनं विचारलं, "झालं का शिकून?"

"अजून खूप आहे, आई."

बारावीला तेच. बी.ए. झाली तेव्हा नागूबाईनं हातातली छिन्नी खाली ठेवली आणि जरा जवळ सरकून विचारलं, "आता तरी संपलं का?" रेणुकाला वाटलं, हिला माझ्या लग्नाची घाई झालीय. ती जरा तोऱ्यातच म्हणाली, "आता कुठं सुरू झालंय." नागूबाईनं छिन्नी उचलली. पुढं कितीतरी वेळ नुसते घाव वाजत राहिले.

पुण्याच्या विद्यापीठात रेणुकानं एम.ए.ला भाषाविज्ञान घेतलं. भाषेचंही शास्त्र असतं हे वस्तीत पटवून द्यायला तिला एक अख्खा उन्हाळा लागला. "म्हंजी बोलायचंच शिकवत्यात?" शेजारच्या बायकांनी विचारलं. "ते तर आमी फुकटात केलं असतं!"

शेवटच्या सहामाहीत अरुंधती मॅडम दुभाषिक समाजांविषयी शिकवत होत्या. एकाच घरात दोन भाषा नांदतात तेव्हा कोणती भाषा चुलीपाशी बसते आणि कोणती दारात उभी राहते, हे त्या फार सुंदर सांगत. त्यांनी साऱ्यांना एक तक्ता करायला दिला. आडवी घरातली माणसं, उभी घरातली माणसं, आणि चौकटीत लिहायचं, कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतं.

रेणुकानं तक्ता भरला. आई आणि पप्पूदादा, वडारी. आई आणि वहिनी, वडारी. आई आणि पुतण्या, वडारी. जागा उरली होती म्हणून तिनं गमतीनं शेळीही घातली, वडारी. शेवटची चौकट होती आई आणि मी. तिथं तिनं लिहिलं, मराठी.

मॅडमनी तक्ता बघितला, शेळीपाशी हसल्या, आणि मग त्यांचं बोट शेवटच्या चौकटीवर थांबलं.

"हे असं का गं?"

"माहीत नाही, मॅडम."

"आईला कधी विचारलं नाहीस?"

वर्गातली बाकीची मुलं आपापल्या तक्त्यांत होती. रेणुकाला त्या कागदावर काळ्या शाईत दिसलं की आई शेळीशी जे बोलते ते आपल्याशी बोलत नाही. इतकी वर्षं पोटात असलेली गोष्ट, पण चौकटीत बसल्यावर तिला धार आली.

त्या शनिवारी ती घरी आली तेव्हा नागूबाई अंगणात पाट्याला टाकी लावत बसली होती. दगडाचे बारीक कण तिच्या भुवयांवर साठले होते. रेणुका समोर उकिडवी बसली आणि सरळ विचारलं.

"आई, तू माझ्याशी आपल्या बोलीत का बोलत नाहीस?"

नागूबाईचा हातोडा वरच राहिला. "कुणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. मीच विचारतेय."

नागूबाईनं पाट्यावरून हात फिरवला. मग सांगू लागली.

पप्पूला पहिलीत घातलं तेव्हा त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता. गुरुजी विचारीत, पोरगं उभं राही. गुरुजी वाईट नव्हते, त्यांना कळतच नव्हतं हा का बोलत नाही. एक दिवस पप्पूला बाहेर जायचं होतं. त्यानं दोनदा, तीनदा आपल्या बोलीत मागून बघितलं. कोणाला कळलं नाही. पोराची चड्डी ओली झाली आणि वर्ग हसला. पप्पू दप्तर तिथंच टाकून जो आला तो परत शाळेत गेला नाही. नंतर खाणीवर, नंतर डंपरवर, आता टेम्पोवर.

"तू बालवाडीत जायला निगालीस तवा," नागूबाई म्हणाली, "मी यल्लम्माच्या पुढं बसले. म्हनलं, आई, ही पोरगी शिकून पार होईस्तोवर माज्या तोंडानं तिच्याशी आपली बोली बोलनार न्हाई. वस्तीलाबी बोलू देनार न्हाई. पार झाली की तुजी परडी भरीन."

रेणुकाला आठवत होतं, झालं का शिकून. आता तरी संपलं का. दर वेळी आई जवळ सरकून विचारत होती आणि दर वेळी आपण मोठ्या अभिमानानं सांगत होतो, अजून आहे.

तिच्या पिशवीत पीएच.डी.चा अर्ज होता. मॅडमनीच भरून दिलेला. विषय होता वडारी आणि मराठी बोलणाऱ्या घरांचा. अजून पाच वर्षं. नागूबाई साठीला टेकली होती आणि दगडाची धूळ खाल्लेल्या माणसाला वस्तीत फार वर्षं मोजून मिळत नाहीत.

"मी पुढं शिकत नाही," ती म्हणाली. "संपलं माझं. भर परडी."

"थोबाड फोडीन!" नागूबाई हातोड्यासकट उठली. "मी वीस वर्षं दातावर दात दाबून ठिवलं ते पान्यात घालतीस व्हय? आन देवीला खोटं सांगू? शिक गप."

हे ती बोलली तेही मराठीतच.

असे बरेच दिवस गेले. रेणुकाला आईची बोली हवी होती आणि त्या बोलीचाच अभ्यास तिला आईच्या बोलीपासून लांब ठेवत होता. तिच्या वहीत वस्तीतल्या चाळीस माणसांचं बोलणं उतरवलेलं होतं. कोणती म्हातारी रागावल्यावर कोणत्या भाषेत जाते, कोणता म्हातारा हिशेब मराठीत आणि स्वप्नं वडारीत सांगतो, सगळं होतं. हेच बोलणं तिनं मोबाइलवरही मुद्रित केलं होतं, ते ती पुन्हा पुन्हा ऐके. मधूनच नळावरच्या गलक्यात मागं कुठंतरी नागूबाईचा आवाज येई, दुसऱ्याच कोणाला तरी हाक मारणारा. रेणुका तेवढाच तुकडा मागं नेऊन परत ऐकत बसे.

शेवटी पप्पूनंच वाट काढली. "अम्मा, दत्तोबाला विचार की. देवीचं त्योच बघतो."

दत्तोबा वस्तीतला सर्वांत म्हातारा कारागीर. देवीची परडी, म्हणजे जोगव्याची टोपली, त्याच्याच घरात असे. त्यानं दोघी मायलेकींना समोर बसवलं, विडी पेटवली आणि सारं ऐकून घेतलं.

"पोरी, तुजं शिकनं संपलं का?"

"नाही, आबा. पाच वर्षं आहेत. पुढंही शिकतच राहीन म्हणते."

"मग तुजी आई मुकीच मरनार," दत्तोबा म्हणाला. नागूबाईनं पदर तोंडाला लावला. दत्तोबानं धूर सोडला. "मला सांग नागे, आपल्यात पोरगा दगड घडवायला शिकला, पार झाला, असं कवा म्हंत्यात?"

"पयला पाटा परक्याच्या घरात गेला की."

खरं आहे. या वस्तीत रीतच आहे ती. शिकाऊ पोरानं घडवलेला पहिला पाटा विकत नाहीत, वस्तीबाहेरच्या घरात नेऊन देतात. त्या पाट्यावर चटणी वाटली गेली की पोरगा कारागीर झाला. ज्याचा पाटा परत येतो, तो पुन्हा शिकायला बसतो.

"हात तर मरेस्तोवर शिकतोय," दत्तोबा म्हणाला. "मी अजून शिकतोय. पर पयला पाटा गेला तवाच मी पार झालो. हिचा पाटा परक्या घरात जाऊ दे. मग ये परडी घेऊन."

त्या पावसाळ्यात रेणुका एम.ए. झाली. पीएच.डी.लाही नाव लागलं आणि लोणावळ्याच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायचं कामही मिळालं. पहिल्या दिवशी नागूबाई महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर मैलाच्या दगडासारखी उभी होती. तास सुटल्यावर तिनं बाहेर येणाऱ्या एका मुलीला अडवलं.

"बाळ, त्या रेनुका मॅडमनी शिकवल्यालं कळलं का तुला?"

"हो मावशी, छान शिकवतात."

"समदं कळलं?"

"हो, सगळं."

नागूबाईनं त्या परक्या मुलीच्या गालांवरून हात ओवाळून बोटं मोडली.

मार्गशीर्षातल्या पुनवेला परडी भरायचं ठरलं. वस्तीतल्या बायकांनी सकाळीच अंगण सारवलं. नैवेद्य झाला, भंडारा उधळला, दत्तोबानं परडीला हात लावून सांगितलं, "सुटलीस नागे. बोल आता लेकीशी."

सगळी वस्ती गोळा झालेली. पप्पू, त्याची बायको, पोरंसोरं. रेणुका आईसमोर बसली होती. तिनं मोबाइल ध्वनिमुद्रणाला लावून शेजारी ठेवला होता. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं तो बंद केला आणि मांडीखाली सारला. असं काही वहीत न्यायचं नसतं.

नागूबाईनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं. ओठ हलले. आणि ती म्हणाली,

"भूक लागली का गं तुला?"

मराठीत.

बायका हसल्या. "अगं नागे, आपल्यात बोल की!"

"व्हय, व्हय." नागूबाईनं घसा खाकरला. शेजारणीला ती वडारीत म्हणाली, थांब गं, बोलते. मग रेणुकाकडं वळली. "तू... तू लय वाळलीस बघ."

पुन्हा मराठीच.

"अम्माची गाडी गिअरात अडाकली!" पप्पू ओरडला आणि सगळं अंगण हसलं. रेणुकाही हसली. नागूबाईनं पदरात तोंड लपवलं. आतून तिचे खांदे हलत होते. ते हसण्यानं की कशानं, हे लगेच कोणाला कळलं नाही. कळलं तेव्हा बायकांनी हसणं थांबवून पानं वाढायला घेतली.

त्यानंतर नागूबाईनं किती खटपट केली! सुनेशी बोलता बोलता ती पटकन रेणुकाकडं वळे, वाक्याच्या वेगात काही निसटून जाईल म्हणून. पण लेकीचा चेहरा समोर आला की वाक्य मध्येच मराठी होई. रेणुकानंही स्वतः सुरुवात करून बघितली. वडारी शब्द तोंडात घेतला की तो तीन वर्षांच्या पोरीचा येई, बोबडा. नागूबाई त्यावर आनंदून जाई आणि उत्तर देई मराठीत.

"तुला बघितलं ना," एकदा ती म्हणाली, "की मला त्यो वर्ग दिसतो. हसनारी पोरं दिसत्यात. तोंड आपसूक तिकडं जातं बघ. मी काय मुद्दाम करत न्हाई."

रेणुकानं मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, भाषा नुसती डोक्यात नसते, ती माणसाच्या चेहऱ्याला बांधली जाते. ज्याच्याशी जी भाषा रुळली तीच त्याला बघून येते. रेणुकाला हे ठाऊक होतं. हाच प्रश्न तिनं परीक्षेत सोडवला होता आणि चांगले गुण मिळवले होते.

"सुटते का मग ती गाठ?" तिनं विचारलं.

"बऱ्याचदा नाही सुटत," मॅडम म्हणाल्या. जरा थांबून त्यांनी विचारलं, "बरी आहेस ना?"

माघ सरत आला होता. रविवार असून नागूबाई लोणावळ्याला गेली नव्हती, पप्पूचा टेम्पो दुरुस्तीला होता. कोवळं ऊन अंगणात आलं होतं. रेणुका उंबऱ्याखालच्या दगडावर वही घेऊन बसली होती, खाणीकडं तोंड करून. नागूबाई तेलाची वाटी घेऊन आली आणि न विचारता मागं बसली. पुण्याला गेल्यापासून रेणुका केस आखूड ठेवायची, तेलाचं नाव नसायचं. नागूबाईनं केस सोडले, तळव्यावर तेल घेतलं आणि टाळूवर थापलं. दगड घडवणारे हात. बोटांचे घट्टे केसांत अडकत होते.

थोडा वेळ नुसता तेलाचा चपचप आवाज. मग फणी गुंत्यात अडली आणि नागूबाई काहीतरी पुटपुटली.

रेणुकाचं लिहिणं थांबलं.

ते वडारीत होतं. साधंच होतं. केसांचा काथ्या केलास, एवढंच. नागूबाईला कळलंही नव्हतं. ती गुंता सोडवत होती, लेकीचा चेहरा तिला दिसत नव्हता, समोर फक्त पाठ होती आणि केस. ती बोलत राहिली. तिकडं पुण्यात तुला कोण बघतं. माझ्या आईचे केस असेच होते, गुडघ्यापर्यंत, खाणीवर ती त्यांचा अंबाडा करून त्यावर चुंबळ ठेवायची. तू पोटात होतीस तेव्हा मला रोज माती खावीशी वाटायची, तुझा बाप ओरडायचा.

वीस वर्षांत रेणुकानं यातलं काही ऐकलं नव्हतं. मराठीत हे कधी आलंच नव्हतं. तिला विचारायचं होतं, आजी कशी दिसायची, बाप काय ओरडायचा. पण तोंड उघडलं तर मराठी येणार, आणि मान वळवली तर चेहरा दिसणार. ती खाणीच्या मोडलेल्या कड्याकडं बघत बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिनं पुसलं नाही, कारण हात हलला असता.

"हूं," ती फक्त म्हणाली.

नागूबाई पुढं बोलली. वेणीचे पेड पडू लागले. मानेपाशी, मग खांद्यापाशी. रेणुकाला वेणी खाली सरकताना कळत होती. केस आखूडच होते. शेवटाला नागूबाईनं रबर गुंडाळलं आणि वेणीवर एक चापट मारली. झालं.

रेणुकानं हात मागं नेला, रबर ओढून काढलं आणि बोटांनी सगळी वेणी उसकटून टाकली.

नागूबाई भडकली. शेळीला देते त्यातल्या दोन शिव्या तिनं लेकीला दिल्या, चांगल्या ठसठशीत, वडारीत. मग फणी उचलली आणि पुन्हा टाळूपासून सुरुवात केली.